सोलेंटच्या काठी बोटीसाठी जागा शोधताना

मित्रानं एप्रिलमध्ये जुनी शिडाची बोट घेतली. तेव्हापासून आम्ही त्याला कप्तान म्हणतो. बोट घेतली, पण ती ठेवायची कुठे याचा विचार त्यानं केला नव्हता. हॅम्बल नदीकाठच्या एका यार्डात लोखंडी टेकूंवर ती उन्हाळाभर उभी राहिली. सप्टेंबरमध्ये यार्डवाल्यानं निरोप धाडला: महिनाअखेर जागा रिकामी करा. मग कप्ताननं पाच दिवसांची रजा टाकली, मरिनांची, म्हणजे बोटी ठेवायच्या छोट्या बंदरांची, यादी केली आणि हिशेब ठेवायला म्हणून मला सोबत घेतलं.

इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्या मधल्या पाण्याच्या पट्ट्याला सोलेंट म्हणतात. इथे मरिना इतक्या दाट आहेत की जागा मिळणं कठीण जायला नको, असं मला वाटत होतं. पण अमेरिकेत जिला स्लिप आणि इथे जिला बर्थ म्हणतात, ती पाण्यातली पार्किंगची जागा एकाच नदीवर दोन फर्लांगांत भाव बदलते. दर मीटरमागे वर्षाचा असतो. त्यात व्हॅट धरला आहे की नाही, हे आधी विचारून घ्यायचं.

शुक्रवार

लंडनच्या वॉटर्लूहून साउथॅम्प्टन सव्वा तासाच्या आसपास. तिथून नेटलीवरून जाणारी लोकल पकडून हॅम्बल. स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे. पाठीवर सॅक घेऊन चालताना कप्ताननं वहीत पहिली नोंद केली: "स्टेशन ते धक्का, पायी अर्धा तास." मला ती तेव्हा फालतू वाटली.

पहिल्या मरिनाच्या ऑफिसात बाईंनी हसून स्वागत केलं आणि विचारलं, "लांबी?"

"नऊ पूर्णांक नऊ मीटर," कप्तान रुबाबात म्हणाला.

"ही कागदावरची झाली. मला टोकापासून टोकापर्यंतची हवी. पुढे नांगर आहे ना? मागे काय काय लटकतंय?"

कप्तान गप्प. आम्ही उठलो, यार्डात गेलो, शिडी लावली. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं. बोटीच्या नाकावर नांगर ठेवायचा रोलर आहे आणि त्यातून नांगराचं टोक पुढे डोकावतं. तिथे ३५ सेंटिमीटर. मागच्या बाजूला छोटं इंजिन टांगायचा ब्रॅकेट आहे, शिवाय आंघोळीला उतरायची घडीची शिडी. तिथे ४५. एकूण १०.७०. समजा मीटरला ८०० पौंड दर असेल, तर नांगराचं टोक आणि एक शिडी यांना पाण्यावर तरंगत ठेवायचे वर्षाला ६४० पौंड.

नुसते पैसेच वाढतात असंही नाही. पॉन्टून म्हणजे तरंगता धक्का. त्याच्या मुख्य वाटेपासून दोन्ही बाजूंना अरुंद फाटे फुटतात, त्यांना फिंगर पॉन्टून म्हणतात. म्हणजे बोटीला बोट लागतं! हा विनोद मराठीतच होतो, ऑफिसातल्या बाईंना समजावता येईना. तर ही बोटं ठरावीक लांबीची असतात. दहा मीटरची बोट असेल तर दहाच्या ओळीत जागा, त्यापुढे गेलात की बाराच्या ओळीत. बाराच्या ओळी थोड्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी मोठ्या गटाचा मीटरमागचा दरही चढा असतो. शेजारी एक कॅटामरान उभी होती. दोन धडांची बोट, रुंदीला दुप्पट. तिला पुष्कळ मरिना दीडपट आकारतात, कारण एका फाट्याकडेच्या दोन जागा ती एकटी खाते. तिचा मालक डेकवर शांतपणे चहा पीत बसला होता. एवढे पैसे भरल्यावर शांतच बसावं.

शनिवार

आजचा दिवस अख्खा हॅम्बल नदीवर. याच दिवशी मला दराचं कोडं थोडंफार उलगडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही नदी फार मोठी नाही, पण तीन हजारांहून जास्त बोटी तिच्या पोटात राहतात. मुखाशी हॅम्बल पॉइंट, मग पोर्ट हॅम्बल, त्यानंतर मर्क्युरी, युनिव्हर्सल आणि वर पुलाजवळ स्वॉनिक. पाणी तेच, नदीही तीच. पण नदीत वेगाची मर्यादा सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल. वरच्या मरिनातून निघालं की मोकळ्या पाण्यात यायला अर्धा तास जातो, परतताना पुन्हा अर्धा. मुखापाशी राहणारा तेवढ्या वेळात शीड वर करून पुढेही गेलेला असतो. उलट मुखाजवळ येणाऱ्याजाणाऱ्या बोटींच्या लाटा लागतात आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की दोर रात्रभर कुरकुरतात. वर वळणाआड पाणी निवांत. काहींना समुद्र जवळ हवा असतो, काहींना झोप. दोघांनाही एकच बर्थ आवडत नाही, हे मरिनावाल्यांचं नशीब.

पुलाचीही एक गंमत आहे. बर्सल्डनला रेल्वेचा आणि रस्त्याचा पूल नदीवरून जातो. त्याच्या वरच्या अंगाला नदी सुंदर आहे, झाडं पाण्यावर वाकलेली. पण उंच डोलकाठीची बोट पुलाखालून जाऊच शकत नाही. त्यामुळे शिडाच्या बोटींची सगळी गर्दी पुलाच्या खालच्या अंगाला कोंबलेली. जहाजांचं हे गाव जुनं. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन ज्या 'एलिफंट' जहाजावर होता, ते इथेच बांधलेलं, १७८६ चं. आता त्याच काठावर नऊ मीटरच्या प्लॅस्टिकच्या होड्यांना जागा नाही.

दुपारी गुलाबी होडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फेरीनं समोर वॉर्सॅशच्या काठाला गेलो. ही तर खरोखरच गुलाबी आहे, थांब्याची टपरीसुद्धा. नदीच्या मधोमध खांबांना बांधलेल्या बोटींची रांग दिसत होती, आणि काही पॉन्टून असे की त्यांना किनाऱ्याशी जोडणारा पूलच नाही. "हे काय?" मी विचारलं. कप्तानचे डोळे चमकले. "हे स्वस्त."

स्वस्त म्हणजे किती? मरिनाच्या दरापुढे ओळखू येणार नाही इतकं. नुसत्या बोयाला, म्हणजे तळाला अडकवलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली बोट तर त्याहून स्वस्त. नदीचा तळ क्राउन इस्टेटचा, कारभार हॅम्पशर काउंटी कौन्सिलच्या हार्बर ऑथॉरिटीचा. मरिनात राहिलात तरी हार्बरची पट्टी वेगळी भरावी लागते, ती दरपत्रकात वरच्या ओळीत सापडत नाही. मधल्या जागेत फक्त जागा मिळते. वीज नाही, नळ नाही, रात्रीचा पहारेकरी नाही.

त्या जागेचं खरं रूप पाहायला मिळालं ते एका म्हाताऱ्या गृहस्थामुळे. काठाच्या नळावर ते दोन कॅन भरत होते, वीस-वीस लिटरचे. भरलेला कॅन डिंगीत, म्हणजे बोटीपर्यंत जायच्या छोट्या होडीत, ठेवायचा तर आधी एक पाय डिंगीत, मग कॅन, मग दुसरा पाय, आणि डिंगी तेवढ्यात धक्क्यापासून सरकते. तीनदा सरकली. चौथ्यांदा त्यांनी दोराचा एक वेढा बुटाखाली दाबून धरला आणि कॅन उतरवला. कपाळावर घाम नव्हता, घाई नव्हती.

"अशा किती फेऱ्या?" कप्ताननं विचारलं.

"टाकी भरायची तर पाच. पण मी चारच करतो, दाढी घरून करून येतो."

मरिनात हेच काम म्हणजे पाइप लावायचा आणि पुस्तक वाचत बसायचं. पाइपचे पैसे दरात कुठेतरी विरघळलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. मी वहीत नवा रकाना आखला: "अंगमेहनत."

रविवार

गॉस्पोर्ट. इथल्या हॅस्लर मरिनात एक हिरवं जुनं लाइटशिप, म्हणजे दीपस्तंभाचं काम करणारं जहाज, कायमचं बांधून ठेवलंय, आत खाण्यापिण्याची सोय. पण इथल्या दराचं कारण ते जहाज नव्हे. पोर्ट्‌समथ बंदराचं तोंड इथून हाकेच्या अंतरावर आहे, पाणी ओहोटीलाही खोल, आणि समोर पोर्ट्‌समथ हार्बर स्टेशन असल्यामुळे लंडनहून गाडीनं उतरलं की फेरीत बसून पाच-सात मिनिटांत या काठाला. स्टेशनपासून बोटीपर्यंतचं अंतर दरात मोजलेलं असतं, हे इथे उघड दिसतं. कप्तानची शुक्रवारची "फालतू" नोंद मी मनातल्या मनात मागे घेतली.

तिथून पोर्ट सोलेंट. बंदराच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, १९८० च्या दशकात बांधलेलं. घरं, दुकानं, रेस्टॉरंटं, सिनेमागृह, आणि दारात लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद: बोट आत घ्यायची, एक दरवाजा लावायचा, पाणी आतल्या पातळीशी जुळवायचं, दुसरा उघडायचा. बाहेर समुद्र कितीही चढो-उतरो, आत पाणी स्थिर. कप्तान कठड्यावर कोपर टेकवून तासभर लॉक बघत बसला. मला भूक लागली होती, पण तो हलेना.

बघण्यासारखं होतंच. उधाणाचे दिवस होते. पोर्ट्‌समथला उधाणात पाणी सुमारे चार मीटर वरखाली होतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटीची कमाल झाली, बाहेर दोन्ही बाजूंना करडा चिखल उघडा पडला आणि बगळे उतरले. तेवढ्यात एकामागून एक बोटी परतायला लागल्या. रविवार संध्याकाळ. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं. लॉकमध्ये एकावेळी मावतील तेवढ्याच, बाकीच्या बाहेर गोल फिरतायत.

इथे एक गोष्ट लक्षात आली. एका ठिकाणी उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या साधारण त्याच वेळेला येते. पोर्ट्‌समथला ती दुपारी बारा-एकच्या आसपास येते. म्हणजे उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, नेमकी शनिवार-रविवारच्या खलाशाच्या निघायच्या आणि परतायच्या वेळेला. "भरतीच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर प्रवेश" असं दरपत्रकात वाचताना ते दिवसाचे बारा तास वाटतात. पण बंद राहणारे बारा तास कुठले, ते पंचांगासारखं भरतीचं कोष्टक उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्वस्त जागेतली स्वस्ताई बहुतेक वेळा या तासांत दडलेली असते. आणि ज्याची बोट दीड मीटर खोल बुडते, त्याला ती जास्त महाग पडते, ज्याचा कणा, म्हणजे बोटीच्या तळाखालचं पातं, उथळ आहे त्याला खरोखर स्वस्त.

लॉकचे फायदे आहेत: लाट नाही, वाढणारंउतरणारं पाणी नाही, बाहेरच्या माणसाला बोटीजवळ यायची सोपी वाट नाही. पण बंदरात दहा नॉटची मर्यादा, आमची बोट जेमतेम पाच नॉटची. बंदराच्या तोंडापर्यंत पाऊण तास तरी हवा, वर लॉकची रांग. कप्ताननं गेल्या वर्षी भाड्याच्या बोटीवर एकूण १८ दिवस काढले होते. जाताना एक, येताना एक, असे दोन तास जास्त धरले तर वर्षाचे ३६ तास. सिनेमागृह त्याच्या उपयोगाचं नाही. ते ज्यांना बोट घरासारखी हवी त्यांच्यासाठी.

सोयींबद्दल माझा एकूण अविश्वास इथेच पक्का झाला, पण कारण दुसरीच एक मरिना, तिचं नाव घेत नाही. दरपत्रकात छापलंय: मोफत वाय-फाय, लॉन्ड्री, चोवीस तास शॉवर. वाय-फाय ऑफिसच्या खिडकीला टेकून उभं राहिलं तर लागतं. तीन वॉशिंग मशिनांपैकी दोनांवर "बंद"ची चिठ्ठी, तिचीही शाई उडालेली. शॉवरच्या दाराचा कोड बदललेला आणि नवा कोड ज्याला माहीत तो जेवायला गेलेला. यॉट हार्बर असोसिएशन मरिनांना सोनेरी नांगर देते, जास्तीत जास्त पाच. मी तेव्हापासून नांगर मोजायच्या आधी वॉशिंग मशिनं मोजतो.

ज्या सोयीचे पैसे खरोखर लागतात, ती फोटोत येत नाही. ती म्हणजे खोली. नदी आणि भरती रोज गाळ आणून टाकते, तो दर काही वर्षांनी उपसावा लागतो. उपसलेला गाळ समुद्रात टाकायला मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनचा परवाना लागतो. सोलेंटमधला बराचसा नॅब टॉवरजवळच्या ठरवून दिलेल्या जागी नेऊन टाकतात. बार्जेस, परवाने, गाळाच्या तपासण्या, सगळं बर्थच्या दरातून निघतं. कप्तान यावर म्हणाला, "म्हणजे मी चिखल नसण्याचे पैसे भरणार." तेच.

सोमवार

साउथसीहून हॉवरक्राफ्टनं आइल ऑफ वाइट बेटावरचं राइड गाव, दहा मिनिटांत. पाणी आणि वाळू त्याला सारखीच, सरळ किनाऱ्यावर चढून बसतं. १९५९ मध्ये जगाला दाखवलेलं पहिलं हॉवरक्राफ्ट याच बेटावरच्या ईस्ट काउज गावचं. आमची बोट अशी असती तर हा प्रवासच करावा लागला नसता.

राइडचं छोटं हार्बर ओहोटीला कोरडं पडतं. बोटी वाळूवर टेकलेल्या, दोन कण्यांच्या ताठ उभ्या, एका कण्याच्या भिंतीला रेललेल्या. जागा स्वस्त, पण आमच्या बोटीला एकच खोल कणा आहे. काट मारली.

बसनं ईस्ट काउज. मेडिना नदीवर साखळीनं ओढली जाणारी फेरी आहे, तिला फ्लोटिंग ब्रिज म्हणतात. पलीकडे काउज, शर्यतींचं गाव. १८२६ पासून ऑगस्टमध्ये काउज वीक भरतो. त्या आठवड्यात पाहुण्या बोटींना मिळेल ती जागा, एकीला एक बांधून. वर्षाच्या करारावर राहणाऱ्याला मात्र गर्दीत हक्काची जागा. हार्बरच्या बाहेर दगडांचा मोठा बंधारा घातलाय, त्यामुळे आतलं पाणी बरंच शांत झालंय. बंधारा आपल्याला फुकट दिसतो, पण त्याच्या आड उभ्या असलेल्या प्रत्येक बोटीच्या बिलात त्याचे दगड असतात.

बेटावरच्या बर्थचा हिशेब वेगळाच. दर काहीही असो, दर शनिवारी माणसालाही बेटावर यावं लागतं. दोन माणसं, दोन्ही दिशा, वर्षाचे १८ दिवस. फेरीच्या तिकिटांची बेरीज मी करून दाखवली. कप्ताननं वही मिटली आणि म्हणाला, "बेट सुंदर आहे, पाहुणा म्हणून येऊ."

मंगळवार

न्यूपोर्टवरून बस बदलून यार्मथ. १८७६ चा लाकडी धक्का अजून समुद्रात उभा आहे. तिथून लिमिंग्टनची फेरी, चाळीस मिनिटं. फेरी नदीत शिरते तेव्हा ती नदीपेक्षा रुंद आहे की काय असं वाटतं, छोट्या बोटी कडेला दबून उभ्या राहतात. इथे उधाणालाही पाणी अडीच मीटरच्या आसपासच वरखाली होतं, त्यामुळे पॉन्टूनवर उतरायचा पूल ओहोटीलाही जिन्यासारखा खडा होत नाही. गुडघे दुखणाऱ्यानं हेही बघावं. नदीच्या तोंडाशी एक मरिना, वर गावाजवळ दुसरी, आणि त्याच्याही वर 'टाउन की' हा गावचा धक्का. स्टेशन पायी अंतरावर. कप्तानला जागा फार आवडली. दर पाहिल्यावर थोडी कमी आवडली.

ब्रॉकनहर्स्टच्या छोट्या गाडीत बसून त्यानं निर्णय सांगितला: हॅम्बल, नदीच्या मधोमध, खांबांची जागा. वर्षाला एवढे पैसे वाचतात की नवी शिडं येतील. प्रतीक्षायादी आहे, पण नाव टाकू. मग घरी फोन लावला. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं झालं तर डिंगी कोण वल्हवणार? तू की मी?"

"बोटीवर आहे की छोटं टॉयलेट."

"ते मी बघितलंय."

ब्रॉकनहर्स्ट येईपर्यंत कप्तान खिडकीबाहेर बघत होता. लंडनच्या गाडीत चढल्यावर त्यानं वही उघडली आणि हॅम्बलच्या वरच्या अंगाच्या, वळणाआडच्या एका मरिनाला फोन केला. दहाच्या ओळीत एक जागा होती. बाराच्या ओळीत मार्चपर्यंत काही नाही.

१ ऑक्टोबर

यार्डात क्रेननं बोट उचलायच्या आधी कप्तान सकाळीच पाना घेऊन हजर. ब्रॅकेटचे चार बोल्ट काढले, शिडी सोडवली, नांगर खोलून आतल्या कप्प्यात ठेवला. भोकं सीलंटनं बुजवली. "नऊ पूर्णांक नऊ," तो म्हणाला, "आता कोणीही मोजावं."

दुपारी बर्थवर दोर बांधून होतायत तोच मरिनाची मुलगी टेप घेऊन आली. मागून सुरुवात करून तिनं पुढच्या टोकापर्यंत नेला, रिकाम्या रोलरच्या लोखंडी ओठाला टेकवला, वाकून वाचलं.

"दहा पूर्णांक शून्य चार," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

कप्ताननं माझ्याकडे पाहिलं, मग रोलरकडे, आणि खिशातला पाना चाचपला.